एकोणीस बिऱ्हाडकरू

माझ्या धाकट्या बहिणीने कातडीचीच डॉक्टर व्हायचं, हे बाबांनी ती शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. "कातडीचा रोगी मरत नाही आणि चटकन बराही होत नाही," असं त्यांचं गणित.

मेडिकलच्या तिसऱ्या वर्षी तिला इस्पितळात केसपेपरच्या खिडकीशेजारी बसवलं. तिथे छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आला. पायाची जखम चिघळलेली.

"पत्ता?" कारकुनाने विचारलं.

"पुलाखाली."

"पुलाला घर नंबर असतो का?"

पत्त्याशिवाय केसपेपर नाही आणि केसपेपरशिवाय मलमपट्टी नाही. म्हातारा लंगडत निघाला. धाकटीला राहवेना. तिने आमचाच पत्ता ठोकून दिला. पट्टी झाली, बातमी पुलाखाली पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यापुढे रांग लागली.

महिन्याभरात इस्पितळाची पत्रं घरी थडकली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, आपल्या दोन खोल्यांत एकोणीस जण राहतात म्हणे! त्यातल्या चौघांना खरूज!" पाठोपाठ आरोग्य खात्याची माणसं आली आणि बाबांच्या कपाटासकट सगळं घर फवारून गेली.

कॉलेजच्या अधिष्ठात्यांनी धाकटीला बोलावलं. "खोटा पत्ता लिहिणं गुन्हा आहे."

"मग खरा लिहू द्या, सर."

"खऱ्याला रकाना नाही."

तीन महिने तिला खिडकीकडे फिरकायला बंदी झाली. सकाळ रिकामी झाली, म्हणून ड्रेसिंगच्या सिस्टरांना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी गाठून ती त्यांच्याबरोबर थेट पुलाखालीच गेली.

"आजोबा, पाय दाखवा."

"आधी बस. घरी आलीस, उभ्या उभ्या काय?" म्हाताऱ्याने छत्रीचं काळं कापड झटकून अंथरलं.

पाय धुताना तिला दिसलं, जखमेच्या कडेला दातांच्या बारीक खुणा होत्या. म्हातारा सहज म्हणाला, "झोपेत उंदीर कुरतडतात." पुस्तकात उंदीर नव्हता. घरी येऊन ती न जेवताच झोपली, आणि पुढच्या सुट्टीला सिस्टरांच्या आधी पुलाखाली हजर.

डॉक्टर झाल्यावर तिने तिथेच टेबल मांडलं. बाबा महिनाभर अबोला धरून बसले. मग एकदा मुकाट्याने टेबलाला चौथा पाय ठोकून गेले.

वर्तमानपत्रात बातमी आली, तसे अधिष्ठाते पुलाखाली फोटोला धावले. "आमच्या संस्थेचा हा उपक्रम..." त्यांनी सुरुवात केली. सिस्टरांनी पू धुतलेल्या पाण्याचं भांडं त्यांच्या हातात दिलं. "धरा जरा, सर. फोटो छान येईल."