कपाटातलं झाड

विनीताने राहुरीला शेतीची पदवी घेतली होती, पण सिंगापूरला आल्यापासून तिच्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की मरीन परेड वस्तीतल्या ओळखीच्या बायका आपापल्या कढीपत्त्याची दुखणी तिच्याकडे आणत. त्यामुळे धाकटा भाऊ मुकुल फोनवर म्हणाला, "ताई, टोमॅटोची खालची पानं पिवळी पडतायत," तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

"नत्र कमी पडलं असेल. कडा करपल्यात?"

"थोड्या."

"मग कदाचित खत जास्त झालंय. शनिवारी येऊन बघते."

"नको नको, तू कशाला येतेस!"

हे तो इतक्या घाईनं म्हणाला, की तिच्या मनात पाल चुकचुकली. शनिवारी सकाळी डबा घेऊन ती त्याच्या दारात उभी राहिली.

मुकुल जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या कारखान्यात पाळ्या करायचा, फ्लॅटमध्ये एकटाच राहायचा. दार उघडायला त्यानं बराच वेळ लावला. आतल्या खोलीत कपाटाच्या फटीतून पांढरा उजेड येत होता. विनीताने कपाट उघडलं. बादलीत कमरेएवढं झाड, पंजासारखी कातरलेली पानं. कॉलेजात तणांच्या वहीत हेच पान तिनं स्वतः चिकटवलं होतं.

"मुकुल, हा गांजा आहे."

"एकच झाड आहे गं. रात्रपाळी करून आलो की झोपच लागत नाही. महिने झाले."

सिंगापूरला येताना विमानात भरलेल्या कार्डावरची 'अमली पदार्थांच्या व्यापाराला मृत्युदंड' ही लाल अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे आली. "कामाचा पास जाईल ते सोड, तुरुंगात सडशील. फटके मारतात इथे! आईला काय सांगू मी?"

बोलता बोलता तिची नजर सवयीनं पानांवरून फिरत होती. "पाणी किती घालतोस?" तिनं विचारलं, आणि विचारल्याची तिचीच तिला लाज वाटली.

"दोनदा. रोज."

तेवढ्यात बेल वाजली. दोघं जागच्या जागी थिजली. पुन्हा वाजली. मुकुलनं दार किलकिलं केलं. शेजारच्या चिनी आजीबाई होत्या. मुकुलच्या ओल्या कपड्यांचं पाणी खालच्यांच्या खिडकीवर गळतंय म्हणत होत्या. "सॉरी, आंटी," तो कसाबसा म्हणाला.

दार लागलं तसं विनीताने झाड बुंध्याशी धरून उपटलं. मुळं काळी, लिबलिबीत. कुजका वास खोलीभर पसरला. "नत्र नव्हे, खत नव्हे. मुळंच सडवलीस तू." स्वयंपाकघरातल्या कात्रीनं तिनं त्याचे तुकडे केले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या भिंतीतल्या शूटमध्ये टाकले. खाली आपटल्याचा आवाज येईपर्यंत तिनं श्वास धरून ठेवला.

नवऱ्याला, प्रबोधला, तिनं यातलं काही सांगितलं नाही. पुढचे कित्येक दिवस पोस्टमन आला तरी तिची छाती धडधडे. मुकुल फुरंगटला होता, तरी ती त्याला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीनं त्याची रात्रपाळी बंद केली.

दीड महिन्यानं एका रविवारी तो जेवायला आला आणि वरणभात खाऊन तिच्या सोफ्यावर आडवा झाला. पाच तास हलला नाही. विनीताने फोनचा रिसीव्हर काढून ठेवला आणि दारापाशी खुर्ची टाकून बसली, कुणी बेल वाजवू नये म्हणून.