एकूण वापर दीड दिवस

मित्रांनो, मी एक जुना हीटर आहे. जुना असलो तरी माझा एकूण वापर दीड दिवस. बाकीची सहा वर्षं मी राग गिळत काढली आहेत, आणि वीतभर काचेच्या नळीत राग मावतो तरी किती!

टाकीतलं पाणी उबदार ठेवायचं, एवढ्यासाठीच कारखान्यात माझा जन्म झाला. एका शिंपीणबाईंनी काचेची टाकी आणि पाण्यात वाढणारा नेचा विकत घेतला, तेव्हा दुकानदाराने मलाही त्यांच्या गळ्यात मारलं. "उष्ण देशातलं झाड आहे, बाई. हीटर नसेल तर थंडीत मरेल."

बाईंच्या खोलीत प्लग एकच, आणि त्यावर इस्त्रीचा हक्क. म्हणून मी पाण्यात लटकलो आणि माझी वायर खिळ्याला.

बाईंचा धाकटा भाऊ तिथेच काज-बटण करायचा. खिडकीजवळच्या टाकीच्या जागेवर त्याचा डोळा होता. "ताई, हे मेलं की इथे माझं इंटरलॉक मशीन."

"आणि थंडी संपेपर्यंत टिकलं तर?"

"तर टाकी राहील. मी परत तोंड उघडणार नाही."

"दुसरं तुला जमायचं नाही. पहिलं चालेल."

नेच्याचा आडवा कंद वाळूत पुरला की कुजतो. बाईंनी तो दगडावर ठेवून शिवणीच्या दोऱ्याने बांधला आणि दर सोमवारी काचेला टेप लावून त्याचं माप घेतलं. महिन्याला अर्धा इंच. गारठ्यात तो हळू वाढत होता, पण वाढत होता. माझ्याविना! त्याला लाज कशी वाटत नव्हती, हे मला आजवर कळलेलं नाही.

मग एका शनिवारी कडाक्याची थंडी पडली. बाई कपडे पोचवायला परगावी गेल्या. भाऊ टाकीसमोर आला, मशीनची जागा डोळ्यांनी मोजली आणि नेच्याकडे पाहत राहिला. "काकडला असेल बिचारा," म्हणाला. त्याने इस्त्री काढली आणि मला लावलं.

मित्रांनो, मी पेटून उठलो. पाणी तापलं की मला बंद करणारा माझ्यातला भाग वापराविना अडकून बसला होता. मला थांबता येत नव्हतं. खरं सांगायचं तर थांबायचंही नव्हतं.

रविवारी संध्याकाळी बाई परतल्या, तेव्हा नेच्याचा काढा झाला होता. पानं काळी, लोळागोळा.

"हीटर कुणी लावला?"

"थंडी वाजत होती त्याला."

"त्याने सांगितलं तुला?"

बाईंनी मला प्लगमधून उपटलं, वायर कापायला कापडाची कात्री उचलली, खाली ठेवली आणि कागदाची घेतली. एवढ्या संतापातही माझ्यापायी कापडाची धार घालवायची नाही, हे त्यांना सुचलं. ते मला फार लागलं.

मग त्यांनी कंद चिमटीत दाबून पाहिला. तो घट्ट होता. एका काळ्या पानाच्या टोकाला नखाएवढं हिरवं पिल्लूही फुटलेलं होतं.

पुढचे दीड महिने टेप भावाच्या हातात होती. तो रोज मापायचा, रोज मान हलवायचा. थंडी संपली त्या सकाळी कंदातून कोंब वर आला.

"टिकला," तो म्हणाला.

"पाव इंच आहे नुसता."

"टिकला म्हणजे टिकला, ताई. मशीन दाराशी ठेवतो मी."

नेच्याला रुजायला काहीतरी कडक लागतं. बाईंनी ते पिल्लू उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि दोऱ्याने माझ्यावर बांधलं. थंड पाण्यात, हीटरवर! आता त्याने मला पुरता वेढला आहे.

तेव्हा मित्रांनो, कुणाला ऊब द्यायची हुक्की आली, तर ती त्याला हवी आहे का ते आधी बघा. आणि देणाऱ्यालाही सबंध हिवाळा खिळ्याला टांगून ठेवू नका, तो थांबायचं विसरतो. माझा राग अजून गेलेला नाही. फक्त मी रागाने थरथरत नाही. मुळं सुटतात.