पहिला हात सवाष्णीचा

स्टीलच्या डब्याचं झाकण ओट्यावरून घसरलं आणि पहाटेच्या शांततेत फरशीवर गरगरत राहिलं. प्रेमिलाने धावत जाऊन ते दाबलं, पण गार्गी उठलीच. खंडेनवमीची शाळेला सुट्टी होती. मग लेकीलाही सोबत प्रयोगशाळेत न्यायचं ठरलं.

कोराडी रस्त्यावरच्या त्या सामायिक प्रयोगशाळेत शहरातल्या चार कॉलेजांचं काम चाले. मेणाच्या वडीत बसवलेल्या ऊतीचे केसाहून पातळ काप मायक्रोटोमवर काढायचे, ते रंगवायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो घ्यायचे. लग्नाच्या आधीपासून काप काढणारा हात प्रेमिलाचाच. नवा मायक्रोटोम आला तेव्हा त्याचं खोकंही तिनेच उघडलं होतं.

त्याच्या पूजेला प्रमुख सुमंत सरांच्या पत्नी चंद्रकलाबाई आल्या. यंत्राला झेंडूची माळ घातली गेली. पहिला काप काढायला प्रेमिला स्टुलावर बसणार, तोच बाईंची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर गेली.

"तू नको बसू वं. पहिला हात सवाष्णीचा लागू दे, ही नवी मदतनीस माया बसेल. तू जराशी बाहेर उभी राह्य. वाईट नको वाटून घेऊ."

सरांनी ऐकलं आणि ते नारळाची शेंडी सोलत राहिले. प्रेमिला दाराबाहेर गेली. अपघातात नवरा गेल्यापासून असं पुष्कळ गिळलं होतं तिने. पण आज लेक तिचा हात धरून सोबत उभी होती. हा घास काही घशाखाली उतरला नाही.

दसऱ्यानंतर ती वेळेवर आली. रंगकाम केलं, फोटो काढले, मायक्रोटोमला मात्र बोट लावलं नाही. माया नवखी, तिच्या हातून काप चुरगळून पडत. कॉलेजची पोरं वड्या घेऊन ताटकळत. त्यांचे चेहरे पाहून प्रेमिलाचा जीव कळवळे, तरी जो विचारेल त्याला ती गोड आवाजात सांगे की विधवेचा हात या मशीनला चालत नाही, सरांच्या घरचा हुकूम आहे. चारही कॉलेजांत ते वाक्य फिरलं. तिला त्याची चटक लागली. सरांचं उतरलेलं तोंड आठवून रात्री तिला दोन घास जास्त जात.

शेवटी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "प्रेमिला, सोड ना आता. बाईमाणूस, बोलून गेली."

"त्या बोलल्या सर, पण तुम्ही ऐकून राहिले होते. आता दोघांनी मशीनपाशी येऊन बोला. त्या दिवशी होते ते सगळे पाहिजेत. माही पोरगीही पाहिजे."

शनिवारी दोघं आली. सगळ्यांदेखत दोघांनी माफी मागितली. प्रेमिला चटकन 'असू द्या' म्हणाली नाही. बाईंचे डोळे भरून येईतो तिने ती शांतता मुद्दाम लांबवली. मग स्टुलावर बसून चाक फिरवलं आणि कापांची नितळ फीत सरसर बाहेर आली.

"लय लावून धरलं ताई तुम्ही," माया हळूच म्हणाली.

परतीच्या बसमध्ये गार्गी फुलून गेली होती. "आई, विधवा म्हणून कोणी बाहेर जा म्हटलं तं ऐकायचं नाही ना?"

"बिलकुल नाही."

 गार्गी आईकडे वळली.

"मामाच्या लग्नात तं तुले कोणीच काही म्हटलं नव्हतं. मग तू आपल्या मनानं आतल्या खोलीत काहून जाऊन बसली होती?"