घड्याळांच्या टेबलामागचा आवाज

पिंगीच्या दादाला जुन्या मनगटी घड्याळांचं वेड होतं. धंद्याने तो चष्मेवाला. आठवडाभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या डोळ्याला भिंग लावून घड्याळं न्याहाळायची, असं त्याचं चाललेलं असे. "घरात इतकी घड्याळं आहेत," वहिनी म्हणायची, "पण हा माणूस जेवायला वेळेवर आला तर शपथ!"

शहरातल्या सभागृहात जुन्या वस्तूंचा मेळावा भरला तेव्हा त्याने पिंगीला जवळजवळ ओढूनच नेलं. गेल्या वर्षीपासून ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. कामही घरूनच करायची. कानाला हेडफोन लावायचे, सभा-बैठकांची रेकॉर्डिंगं ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करायचा.

गेल्या वर्षी भर दुपारी एक माणूस मीटर तपासायचंय म्हणून तिच्या दाराशी आला होता. डोक्यावर टोपी, तोंडावर धुळीचा मास्क, गळ्यात ओळखपत्र. मीटर बाथरूमच्या शेजारी होता. तो दाखवायला ती वळली, तर त्याने तिला सरळ बाथरूममध्ये ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मग तो घरभर फिरला. ड्रॉवर उघडल्याचे, कपाट ओढल्याचे आवाज येत होते. मधूनच तो दाराजवळ येऊन बोलायचा. ओरडला नाही, शिवी दिली नाही. "ताई, दार वाजवू नका. उगाच हात दुखतील." रुसलेल्या पोराची समजूत घालावी तसा स्वर. तो गेल्यावरही ती गप्पच बसून राहिली. संध्याकाळी दादा आला, तेव्हा कुठे तिची सुटका झाली. दागिने गेले, आईचं छोटं सोनेरी घड्याळ गेलं. चोर काही सापडला नाही.

सभागृहात टेबलांच्या रांगा होत्या. नाणी, कॅमेरे, फुलदाण्या, आणि मधल्या रांगेत घड्याळंच घड्याळं. दादाचा चेहरा उजळला. "हे बघ, ह्याची डायल नव्याने रंगवलीय. आकडे कसे गुबगुबीत झालेत," तो कुजबुजायचा आणि विक्रेत्याकडे बघून निरागस हसायचा. पिंगीलाही जरा मोकळं वाटू लागलं. एका काचपेटीत बायकांची नाजूक घड्याळं होती. ती वाकून बघत होती. आईचं त्यांत नव्हतं. तरी तिने दोनदा पाहिलं.

"साहेब, चावी फिरवू नका," मागून कुणीतरी म्हणालं. "उगाच स्प्रिंग दुखेल त्याची."

पिंगी वाकलेली तशीच राहिली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली.

तिने हळूच मान वळवली. टेबलामागे पन्नाशीचा एक माणूस उभा होता. गुळगुळीत केलेली दाढी, इस्त्रीचा सदरा, हातात पांढरे सुती मोजे. समोर दादा, हातात चौकोनी डायलचं एक घड्याळ घेऊन. दोघं जुने मित्र असल्यासारखे बोलत होते.

हा नसेल, तिने स्वतःला बजावलं. आवाज काय, सारखे असतात. पोलीसही तेच म्हणाले होते.

"पट्टा मात्र बदलून हवा," दादा म्हणाला.

"बदलतो ना. या आठवड्यात स्वतः आणून देतो. पत्ता द्या."

"दुकानात नको, तिथे माझी धावपळ असते. ही माझी धाकटी बहीण. ही दिवसभर घरीच असते, एकटीच. तिच्याकडे द्या." आणि पिंगीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत दादाने आपल्या कार्डाच्या मागे तिचा पत्ता लिहून त्याच्या हातात ठेवलासुद्धा.

माणसाने पत्ता वाचला. मग मान वर करून पिंगीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"बरं," तो म्हणाला. "येतो."

पिंगीने दादाची बाही ओढली. "काय गं?" तो म्हणाला, पण डोळा घड्याळातच. त्या माणसासमोर ती काय सांगणार? "पाणी पिऊन येते," म्हणत ती निघाली.

मेळावा भरवणाऱ्या बाई दाराजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. ठेंगण्या, करड्या आवाजाच्या. पिंगीने तुटक तुटक सगळं सांगितलं.

"अहो, ते दरवर्षी येतात. मुंगीलाही धक्का लावायचे नाहीत. चेहरा ओळखलात का?"

"चेहरा दिसलाच नव्हता. आवाज दाराआडून ऐकलाय." मग पिंगी जे बोलली त्याचं तिलाच नवल वाटलं. "मला तसाच दाराआडून ऐकवा. मग मी खात्रीने सांगेन."

बाईंनी तिला क्षणभर निरखलं. मग उठल्या. सभागृहाच्या कोपऱ्यात खुर्च्या ठेवायची एक खोली होती. ठरलं ते असं: पिंगीने आत जाऊन कडी लावायची. बाईंनी त्या माणसाला आणायचं, कडी अडकलीय, तुमच्याकडे बारीक पेचकस असतात, जरा बघा म्हणून.

आत खिडकी नव्हती. घडीच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. पिंगीने कडी लावली आणि लगेच वाटलं, कशाला हा नसता शहाणपणा! बाहेर पावलं वाजली.

"ताई, आतून ओढाताण करू नका. मी बघतो."

तोच. लाकडातून गाळून आलेला, तसाच मऊ. शंकाच नको. पिंगीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"बाई, हा पेचकस लहान पडतोय. रखवालदाराकडे मोठा असेल तर आणता का?"

नका जाऊ, पिंगी मनात ओरडली. पण बाईंच्या चपलांचा आवाज दूर गेला.

बाहेर शांतता. मग दाराला अगदी ओठ लावून बोलावं तसा आवाज आला.

"तुम्हीच ना, ताई? पत्ता वाचला तेव्हाच ओळखलं. मागच्या वेळी किती शहाण्यासारखं वागलात. आजही तसंच. मी जाईपर्यंत गप्प बसायचं. पत्ता खिशात आहे माझ्या."

पावलं निघाली. सावकाश, घाई नसलेली.

पिंगी खाली बसली. डोक्यात एकच घोष, गप्प बस, गप्प बस, आणि तो कुणाच्या आवाजात चालला होता हे लक्षात आलं तेव्हा तिला शिसारी आली. तिने वर पाहिलं. कडी या वेळी तिच्या बाजूला होती. ती उठली. कडी पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा सरकली.

"दादा! तोच तो! माझ्या घरात शिरलेला! धरा त्याला!"

अख्खं सभागृह वळलं. कुठेतरी काहीतरी खळकन फुटलं. दादाने भिंग डोळ्याला असतानाच मान वर केली आणि मग तो टेबलं चुकवत धावत सुटला. माणूस पळाला नाही. चालतच दाराकडे गेला. तिथे हातात भला थोरला पेचकस घेऊन रखवालदार उभा होता.

"काहीतरी गैरसमज होतोय," तो माणूस नम्रपणे म्हणाला. रखवालदार बाजूला व्हायच्या बेतात होता. दरवर्षीची ओळख ना!

"दार लाव!" त्याच्यामागून बाई गरजल्या. "गैरसमज असेल तर बसून दूर करू."

पोलीस आले. त्याच्या गाडीत टोपी सापडली, खोटं ओळखपत्र सापडलं, इतरांच्या घरांतल्या कितीतरी वस्तू सापडल्या. आईचं घड्याळ मात्र नाहीच मिळालं.

पोलीस ठाण्यात दादा तिच्या शेजारी मान खाली घालून बसला. "मीच त्याला पत्ता दिला गं. माझ्या हाताने."

"हो, दिलास," पिंगी म्हणाली. तिला त्याची समजूत घालायचं त्राण नव्हतं. पण त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात तिने काढू दिला नाही.

अधिकारी एका बोटाने जबाब टाइप करत होते. दाराआडून तो नेमकं काय बोलला, यावर गाडी अडली. अधिकारी वाक्यं लहान करून लिहीत होते.

"सरका जरा," पिंगी म्हणाली. "मी टाइप करते."

तिने त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. बोटं चुकत होती. 'ताई' हा शब्द तर तिला पुन्हा पुन्हा खोडावा लागला. एवढं हळू तिने आयुष्यात टाइप केलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी वाचलं. "झालं. आता घाबरायचं काही कारण नाही."

"भीती वाटतेच आहे हो," ती म्हणाली. "सही कुठे करायची तेवढं सांगा."