कोरडी पिकदाणी

किळस यावी अशी कामं सरकारी कचेरीत नवीन नसतात, पण लढाई लागल्यापासून वन्यजीव संशोधन खात्यात जे चाललं होतं त्याला तोड नव्हती. एरवी ज्या टेबलावर पाखरांच्या चोची मोजायच्या, तिथं आता ताटल्या मांडायचे. रानात, तळ्यात, बिळात जे जे हलतं ते माणसाच्या पोटात जाईल का, एवढा एकच प्रश्न वरून आला होता. सैन्याला मटण पुरत नव्हतं आणि गावाला तर ते दिसतही नव्हतं. मग काय, खात्यातली शिकलीसवरलेली माणसं रांगेत बसून घूस, कोल्हा, वटवाघूळ असलं काहीबाही चाखत होती.

चाखायची रीत मोठ्या साहेबांनी घालून दिलेली. प्रत्येकापुढं एक ताटली, एक कागद आणि एक पांढरी पिकदाणी. घास चावायचा, चव ओळखायची, पिकदाणीत थुंकायचं, चूळ भरायची आणि कागदावर मत लिहायचं. गिळायला बंदी नव्हती, पण गिळावंसं वाटेल असं आजवर ताटलीत आलंच नव्हतं. कागद वाचण्याआधी साहेब रांगेतून फिरत पिकदाण्या बघायचे. मत काय, शेजाऱ्याचं बघूनही लिहिता येतं, असं त्यांचं म्हणणं. स्वतः मात्र ते कधी चाखायला बसले नाहीत. त्यांचा डबा घरून यायचा आणि दार लावून उघडला जायचा. वास सगळ्या मजल्यावर पसरायचा, आणि तो घुशीचा नसायचा.

या रांगेत कावळेबाई बसायची. खरं नाव हजेरीपुस्तकात असेल तेवढंच. तळ्यातल्या बेटावरच्या पाणकावळ्यांचा अभ्यास करण्यात तिनं उमेदीची सगळी वर्षं घालवली, तेव्हापासून सगळी कचेरी तिला कावळेबाईच म्हणायची आणि तिलाही ते आवडायचं. काळी, लांब मानेची, मासे गिळून पंख वाळवत बसणारी ही पाखरं. आसपासच्या मुलखात त्यांची एवढीच वसाहत उरली होती. कुठलं जोडपं कुठल्या फांदीवर घरटं बांधतं, कोण कुणाच्या काड्या चोरतं, हे तिला शेजारपाजारच्या भानगडींपेक्षा जास्त ठाऊक. आई मात्र कावलेली. लेक घरात आली की आई आधी तिचे हात हुंगायची आणि नाक धरायची. "जा, आधी हात घासून ये. मग माझ्या चुलीपाशी बस." साबणानंही तो वास जायचा नाही.

एके दिवशी साहेबांनी तिला बोलावलं आणि पुढचा घास पाणकावळ्याचा, असं सांगितलं. चव पास झाली तर सगळं बेट रिकामं करायचं, डबे भरायचे. वरच्या मजल्यावरचे भूगर्भवाले तर टपूनच बसले होते. बेटावरच्या खडकांवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिटेचा जाड थर होता, त्यातून म्हणे दारूगोळ्याला लागणारा क्षार निघतो. पाखरं हलली की खरवडायला ते मोकळे. म्हणजे पाखराचं मांस शिपायाच्या पोटात आणि शीट बंदुकीत. वा रे संशोधन!

कावळेबाई आधी हादरली. मग तिला हसूच आलं. पाणकावळा खाणार? सडक्या मासळीसारखा तो वास! एक घास तोंडात गेला की अख्खी रांग ओकेल आणि साहेब पुन्हा बेटाचं नाव काढणार नाहीत. उलट बरंच झालं, कायमची पीडा टळेल. म्हणून बेटाच्या रखवालदाराला बरोबर घेऊन ती स्वतःच चाखण्यापुरते पक्षी मारून घेऊन आली. जिवावर आलं, पण चार गेले तर बाकीचे वाचतील असा हिशेब केला.

आणि इथंच घोळ झाला. मेलेलं पाखरू हातात आलं की कावळेबाईचे हात आपोआप चालायला लागत. पोटावर चीर द्यायची, पिसांसकट अख्खी कातडी मोज्यासारखी उतरवायची, आतली पिवळी चरबी कणन्‌कण खरवडायची. चरबी राहिली तर पिसं पिवळी पडतात, कातडी सडते, कपाटातला नमुना वाया जातो. वर्षानुवर्षांची सवय. कातड्या तिनं नीट भुसा भरून, चिठ्ठी बांधून कपाटात ठेवल्या आणि सोललेली गुलाबी धुडं खानसाम्याकडं दिली. खानसामा खूश झाला, पिसं उपटायची कटकट वाचली. तिच्या हातांना नेहमीसारखा घाण वास येत होता. तो हातांवर आला म्हणजे मांसातून गेला, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

ताटल्या आल्या. नुसतं मीठ घालून शिजवलेलं मांस, वाफ निघत असलेलं. कावळेबाईनं घास तोंडात टाकला आणि पिकदाणी जवळ ओढली. वास येईना. तिनं पुन्हा चावलं. मऊ होतं, तंतुदार होतं, आणि देवाशपथ, चांगलं होतं. कितीतरी महिन्यांत असं काही जिभेवर पडलं नव्हतं. तिनं शेजारी पाहिलं. शेजारचा हिशेबनीस डोळे मिटून चावत होता. पलीकडची टंकलेखिका ताटली बोटानं पुसत होती. थुंकलं कुणीच नाही. आणि कावळेबाईचा घास तिला न विचारता घशाखाली उतरला. मग दुसरा. तिला स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण हात काही थांबेना.

कागदावर मात्र तिनं ठासून लिहिलं, खाण्यालायक नाही, सडक्या माशाचा वास येतो.

साहेब रांगेतून फिरत तिच्यापाशी थांबले. पिकदाणी बोटानं जराशी कलती केली.

"बाई, तुमची पिकदाणी कोरडी आहे."

मागं कुणीतरी खुसखुसलं. कावळेबाईचा चेहरा लाल झाला. आता सुचेल तो उपाय करायचा, म्हणून ती घाईघाईनं बोलून गेली. "साहेब, ही पाखरं मी सोललेली होती. कातडी आणि चरबी काढली म्हणून वास आला नाही. बेटावर कोण एवढं करत बसणार? कातडीसकट शिजवून बघा, कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही."

साहेबांच्या डोळ्यांत चमक आली. ती बघितली आणि आपण काय बोललो ते तिला कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"म्हणजे कातडी आणि चरबी काढली की झालं," साहेब म्हणाले. "हे आम्हाला सुचलंच नसतं. कसं सोलायचं ते गावातल्या बायकांना तुम्हीच शिकवा."

तिनं शिकवलं. नोकरी सोडते असं ओठांवर आलं होतं, पण घरात चूल तिच्या पगारावर पेटत होती. बेटावर घरट्यांत पिल्लं होती तेव्हाच बंदूकवाले उतरले. किनाऱ्यावर लांबलचक फळ्या टाकून बायका सोलायला बसल्या आणि कावळेबाई एकेकीच्या मागं उभी राहून चीर कुठून द्यायची ते दाखवत राहिली. पलीकडं पिल्लं चोची वासून ओरडत होती, दोन दिवसांनी तीही गप्प झाली. मग भूगर्भवाले फावडी घेऊन आले. जाता-येता ते तिला हसून नमस्कार करायचे. तिला त्यांची शिसारी येत होती, साहेबांची येत होती, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या या शहाण्या हातांची येत होती.

पुढं कचेरीतल्या प्रत्येकाला एकेक डबा मिळाला. आईनं तो फोडला, गरम केला, दोन ताटल्यांत वाढला आणि जीव तृप्त झाल्यासारखी जेवली. कसलं मटण आहे म्हणून तिनं विचारलं. कावळेबाईनं सांगितलं. आईनं एकदा ताटलीकडं पाहिलं आणि ती पुन्हा जेवायला लागली. "तूही जेव गं. सुकून गेली आहेस नुसती."

कावळेबाई जेवली. पान पुसून खाल्लं.

आई उष्टी ताटली घ्यायला वाकली आणि सवयीनं तिनं लेकीचा हात धरून हुंगला. मग समाधानानं तो थोपटला.

"आज वास नाही गं हाताला," ती म्हणाली. "गेला एकदाचा."