ताईच्या हाडातून भावाच्या रक्तात

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे आणि आयुष्यात मी दोन घरे पाहिली. हाडांच्या पोकळीत जो मऊ गर असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तिथे राहून रक्त तयार करणे हे माझे काम. माझा जन्म शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या कमरेच्या हाडात झाला. तिथे निवांत होते. महिनोन्‌महिने मी पडून असे. गरज लागली की एकीच्या दोघी व्हायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे.

बाईंचा धाकटा भाऊ शाळेची बस चालवायचा. चाळिशीत त्याला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी त्याची मज्जा पार रिकामी केली आणि तिथे ताईची मज्जा द्यायचे ठरले. ताईने कात्री खाली ठेवली, दुकानाला कुलूप लावले आणि दवाखाना गाठला. पिशवीतून थेंबाथेंबाने आम्ही भावाच्या शिरेत उतरलो आणि वाट काढत त्याच्या हाडांपर्यंत पोचलो.

ते ओसाड गाव होते. आम्ही थोड्या जणींनी सगळे रक्त नव्याने उभे करायचे होते. मी विसावा न घेता दुभंगत राहिले. दर वेळी माझ्या गुणसूत्रांची टोके थोडी झिजत. टोके आखूड झाली की पेशी म्हातारी होते. ताईकडे कित्येक वर्षांत झिजले नसते, तेवढी मी इथे एका वर्षात झिजले.

भावाला मात्र बरे वाटू लागले. केस आले, अंग भरले, शेजारी कौतुक करू लागले. डॉक्टरीणबाईंनी लसींची यादी दिली, तेव्हा त्याला हसू आले. या सगळ्या लहानपणीच झाल्यात म्हणत त्याने ती बसच्या कप्प्यात टाकली आणि कामावर रुजू झाला. हिवाळ्यात बसमधली निम्मी मुले खोकत होती. थोड्याच दिवसांत त्याला न्यूमोनियाने गाठले. अकरा दिवस नाकाला प्राणवायूची नळी होती. मी पांढऱ्या पेशी पाठवत होते, पण त्या नवख्या होत्या. शत्रू कसा दिसतो हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते.

तो थोडक्यात वाचला. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.

“लहानपणीच्या लसी तुमच्या जुन्या रक्ताला आठवत होत्या. ते रक्त आता राहिलं नाही. नवं रक्त ताईंचं आहे, आणि तुमच्याकडे येऊन ते ताईंच्या रक्ताहून लवकर म्हातारं होतंय.”

“म्हणजे थोरली मी, आणि म्हातारा हा,” ताई म्हणाली.

तो हसला नाही. तू दिलेलं मला नीट सांभाळता आलं नाही, असे तो भिंतीकडे तोंड करून पुटपुटला. ताईने त्याचे पांघरूण सारखे केले.

तो हिंडूफिरू लागल्यावर ताई त्याला लसीकरणाच्या खोलीत घेऊन गेली. बाकांवर आया आणि तान्ही मुले. नर्सने कागद पाहिला आणि बाळ कुठे आहे, असे विचारले.

“हे काय, बसलंय,” ताईने भावाकडे बोट दाखवले. “बस चालवतं.”

आता तो डेपोत चालकांच्या पाळ्या लावतो. कुणी खोकत आला, तर खिडकीबाहेरूनच बोल म्हणतो. मी पुन्हा तरुण होणार नाही, पण काम चालू आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असे मज्जा बदललेले कुणी असेल, तर चेहरा टवटवीत दिसतो म्हणून त्याची लस चुकू देऊ नका. आणि तुम्हाला ताप असेल, त्या दिवशी त्याला भेटायला जाऊ नका. फोन करा.