सहाव्या होलवरची मादी

संजना पगारे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर होती. तिचे साहेब निवृत्त होताना, "माझे गुडघे गेले, तू तरी खेळ," म्हणून आपला गोल्फचा जुना सेट तिला देऊन गेले. त्याला दोन वर्षं झाली. आता आठवड्यातून दोनदा ती पाचला उठायची, दिंडोरीच्या बाजूला बागांमधल्या छोट्या मैदानावर नऊ होल खेळायची आणि साडेनऊला कामावर हजर व्हायची.

सोबत बहिरूकाका. साठीला आलेले, मूळचे पेठ तालुक्यातले, मैदानाचं गवत राखणारे. इतक्या लवकर दुसरं कुणी खेळायला नसायचं, म्हणून तेच तिची बॅग उचलायचे आणि न मागता सल्लाही द्यायचे.

नोव्हेंबरातली ती सकाळ. दवानं बूट ओले झालेले, बोटं गारठलेली. पण त्या दिवशी संजनाचा हात काही वेगळाच लागला होता. पाच होल झाले तरी एकही चेंडू झाडीत गेला नव्हता. सहावा होल तळ्यापलीकडे होता. तिनं फटका मारला. चेंडू पाणी ओलांडून हिरवळीवर टेकला आणि भोकातल्या झेंड्याकडे घरंगळत धुक्यात गेला.

"लय जवळ गेला, ताई," काका म्हणाले. "भोकात बी असंल."

संजना जवळजवळ पळतच निघाली. तळ्याला वळसा घालून दोघं चढावर आली, तेवढ्यात काकांनी तिचा दंड घट्ट धरला.

झेंड्यापाशी बिबट्याची मादी बसली होती.

मांजर ओट्यावर बसतं तशी, पुढचे पाय जुळवून. चाळीसेक पावलांवर. तिच्या पाठीवर दव चमकत होतं. दोन पिल्लं हिरवळीवर संजनाच्या चेंडूमागे धावत होती. एक त्याला पंजा मारी, दुसरं त्यावर झेप घेई आणि चेंडू निसटला की दोघंही दचकून मागे सरत.

"वाघीण हाय," बिबट्यालाही वाघच म्हणणारे काका ओठातल्या ओठात म्हणाले. "पाठ दावू नका. खाली बसू नका."

मादीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. संजनाला नजर काढता येईना. त्या पिवळ्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. तिनं दोघांना पाहिलं, जोखलं आणि पुन्हा पिल्लांकडे तोंड फिरवलं. आपल्याला आयुष्यात कुणी इतकं पूर्ण पाहिलं नव्हतं, असं संजनाला वाटलं. एव्हाना सूर्य वर आला होता. धुकं सोनेरी झालं आणि मादीच्या श्वासाची वाफ स्पष्ट दिसू लागली.

मग ती उठली. एका पिल्लाला मानेला धरून उचललं आणि शेजारच्या उसात शिरली. दुसरं शेपूट ताठ करून मागोमाग पळालं. पानं हलली, थांबली.

दोघं तोंड तिकडेच ठेवून मागे मागे तळ्यापर्यंत आली.

"कळवावं लागेल," संजना म्हणाली.

"पिंजरा लावतील, ताई. पिल्लं लहान हायेत."

"आणि आठला मैदानात निंदायला बाया येणार आहेत ना, काका?"

काकांनी बॅग खांद्यावर नीट घेतली. मग म्हणाले, "लावा फोन. मी बायांना फाटकावरच थांबवतो."

वनखात्याची माणसं आली. आठ दिवस मैदान बंद ठेवा, कुणी उसाकडे फिरकू नका, ती आपणहून जागा बदलेल, असं त्यांनी सांगितलं. पिंजरा लावला नाही. संजना कामावर पोचली, पण दिवसभर तिला कुणाला काही सांगावंसं वाटेना. सांगितलं असतं तर ते लहान झालं असतं.

सहाव्या रात्री वनखात्याच्या कॅमेऱ्यात मादी पिल्लांसह डोंगराकडे जाताना दिसली. मैदान उघडलं त्या सकाळी संजना सहाव्या होलवर गेली. हिरवळीकडेच्या बंकरमध्ये, वाळूच्या उथळ खड्ड्यात, मोठ्या पंजांचे ठसे होते आणि त्यांच्यात मिसळलेले छोटे. काका फावडं घेऊन वाळू सारखी करायला आले होते, पण ते काठावरच उभे राहिले. पायातल्या चपला त्यांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या.

संजनानं गुडघे टेकले आणि एका ठशाशेजारी आपला तळहात ठेवला. वाळू गार होती.